हवेतलं पाणी आणि मुंबईची हॉटेलं

मे महिन्यातली दुपार. नागपुरात पारा 44 अंशांवर, मुंबईत 32 वर. दोन्हीकडच्या हॉटेलांना बाहेरची ताजी हवा आत घेऊन 24 अंशांपर्यंत थंड करायची आहे. जास्त ऊर्जा कुठे लागेल?

नागपुरात, असंच कुणीही म्हणेल. गणित मात्र वेगळं सांगतं. नागपूरच्या त्या हवेत सापेक्ष आर्द्रता 15 टक्के धरली, तर एक किलो हवा थंड करायला साधारण 20 किलोज्यूल लागतात. मुंबईत आर्द्रता 75 टक्के धरली, तर तेवढ्याच हवेला 38 किलोज्यूल. म्हणजे जवळपास दुप्पट! हा हिशेब फक्त ताज्या हवेचा आहे. तापलेल्या भिंती आणि खिडकीतून येणारं ऊन यांत धरलेलं नाही. तरी मुंबईतल्या हॉटेलांच्या वीजबिलाचं मर्म त्यात सापडतं.

हे असं का, ते बर्फाचं पाणी भरलेल्या तांब्याकडे पाहिलं की कळतं. दोन मिनिटांत तांब्याला बाहेरून पाणी सुटतं. हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होते आणि होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता सोडते. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. एसीच्या थंड नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, दिवसभर हेच चालू असतं. मुंबईच्या एक किलो हवेत त्या दुपारी 22 ग्रॅमच्या वर वाफ असते. खोलीत बरं वाटायला 10 ग्रॅमच्या आसपास हवी. मधले 12 ग्रॅम काढून टाकताना सुटणारी जवळपास 30 किलोज्यूल उष्णता एसीला बाहेर फेकावी लागते. तापमान 8 अंशांनी उतरवायला लागतात जेमतेम 8 किलोज्यूल. नागपूरची हवा मुळातच कोरडी, त्यामुळे तिथे हे पाणी काढण्याचं काम जवळजवळ नसतंच.

पावसाळ्यात तर आणखी गंमत होते. ऑगस्टमध्ये पारा 28 वर येतो आणि वाटतं, आता एसीला उसंत मिळेल. पण हवेतली वाफ मे महिन्यापेक्षा फारशी कमी झालेली नसते. थंड करण्याचं काम निम्म्यावर येतं, कोरडं करण्याचं तसंच राहतं. पावसाळ्यात हॉटेलच्या खोलीत शिरताच गालिच्याचा कुबट वास आला, तर तिथला एसी हवा थंड करतोय पण पुरेशी कोरडी करत नाहीये, असं खुशाल समजावं.

गेस्ट अशा वेळी काय करतो? अंग चिकचिकतं म्हणून तो थर्मोस्टॅट 18 वर नेतो. तक्रार ओलाव्याची असते, पण हाताशी बटण फक्त तापमानाचं असतं. मोठ्या हॉटेलात चिलर नावाचं मध्यवर्ती यंत्र पाणी थंड करून खोल्यांतल्या कॉइलना पुरवतं. खोली ठरलेल्या तापमानाला पोचली की या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद होतो, एसीचा पंखा मात्र फिरत राहतो. कॉइलवर साचलेलं पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत येतं. परत चिकचिक, परत बटण खाली. पांघरूण घेऊन झोपलेला गेस्ट आणि रात्रभर राबणारा चिलर, असा हा अपव्यय शहरभर चालतो. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या मते एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. मुंबईला वीज पुरवणारी ट्रॉम्बे आणि डहाणूची केंद्रं कोळसा जाळतात, हे लक्षात घेतलं की या 6 टक्क्यांचं मोल कळतं.

मला वाटतं, बाथरूममधल्या ‘टॉवेल पुन्हा वापरा’ या कार्डावर आपण गरजेपेक्षा जास्त समाधान मानतो. टॉवेल जरूर पुन्हा वापरावा. पण मुंबईत हॉटेलाचा विजेचा मोठा भार प्लांट रूममध्ये, म्हणजे एसीची मोठी यंत्रं असतात तिथे असतो, आणि तिथे गेस्टची नजर पोचत नाही. ओलावा आणि उष्णता ही दोन कामं वेगळी करणं, हा तिथला खरा उपाय. गच्चीवरच्या एका यंत्रात बाहेरची हवा आधी कोरडी करून घ्यायची आणि मगच खोल्यांना द्यायची. तिथेच सिलिका जेलसारखा ओलावा शोषणारा थर दिलेलं मोठं चाक बसवता येतं. इमारतीतून बाहेर जाणारी थंड, कोरडी हवा चाकाच्या एका अर्ध्यातून जाते, आत येणारी दमट हवा दुसऱ्या अर्ध्यातून. चाक फिरता फिरता आत येणाऱ्या हवेतला ओलावा उचलतं आणि बाहेर जाणाऱ्या हवेच्या हवाली करतं. चांगल्या चाकाने ताज्या हवेचा अर्ध्याहून जास्त भार वाचतो. अशी कोरडी हवा आणि डोक्यावर पंखा असेल, तर 26 अंशांतही छान झोप लागते.

आता त्या काढलेल्या पाण्याचं बघू. एका खोलीला तासाला 50 घनमीटर ताजी हवा दिली, तर मे महिन्यात दिवसाला 16 लिटर पाणी निघतं. शंभर खोल्यांचं 1,600 लिटर. कितीतरी इमारतींत ते पातळ पाइपातून थेट गटारात जातं. दुसरीकडे गच्चीवरचा कूलिंग टॉवर सतत पाणी मागत असतो. तिथे पाण्याची वाफ करूनच उष्णता हवेत सोडली जाते, एसीच्या क्षमतेच्या दर टनामागे तासाला साधारण 6 लिटर. 300 टनांचा प्लांट दहा तास पूर्ण भाराने चालला तर 18,000 लिटर उडून जातात. मोठ्या टँकरचे जवळपास दोन फेरे! एसीतून निघणारं पाणी त्यात ओतून गरज पूर्ण भागणार नाही, पण ते क्षारमुक्त असल्याने टॉवरला मानवतं आणि क्षार साचले म्हणून पाणी बदलण्याची वेळ उशिरा येते. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा भातसा आणि तानसातून येतो. ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. गटारात जाणारे 1,600 लिटर मला म्हणूनच क्षुल्लक वाटत नाहीत.

इथे काळजीही हवी. 1976 साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची साथ पसरली, त्या शोधातून लिजिओनेला हा जिवाणू सापडला. कोमट साचलेलं पाणी आणि त्याचे हवेत उडणारे तुषार, हे त्याचं आवडतं ठिकाण. म्हणून पुनर्वापराचं पाणी निर्जंतुक करूनच टॉवरला द्यायचं, आणि वीज वाचवायची म्हणून अंघोळीच्या पाण्याची साठवण 60 अंशांच्या खाली आणायची नाही.

हे गरम पाणी तरी कसं तयार होतं? गच्चीवर चिलर उष्णता हवेत उधळत असतो आणि त्याच इमारतीच्या तळघरात बॉयलर गॅस किंवा डिझेल जाळत असतो. हीट पंपाने चिलरची टाकाऊ उष्णता उचलून पाणी तापवता येतं, आणि एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता मिळते. विमानतळाजवळचं विठ्ठल कामत यांचं ऑर्किड हे ‘इकोटेल’ हे पर्यावरणस्नेही हॉटेलांचं प्रमाणपत्र मिळवणारं आशियातलं पहिलं पंचतारांकित हॉटेल, तेही 1990 च्या दशकातलं. पर्यावरण सांभाळून पंचतारांकित हॉटेल चालवता येतं, हे मुंबईने तेव्हाच पाहिलं आहे.

चिलरमध्ये थंडावा निर्माण करणाऱ्या वायूचाही प्रश्न आहेच. आर-134ए हा वायू गळला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त तापमानवाढ घडवतो. अशा वायूंचा वापर घटवण्यासाठीच्या 2016 च्या आंतरराष्ट्रीय किगाली कराराला भारताने 2021 मध्ये मान्यता दिली. त्यानुसार असे वायू 2032 पासून टप्प्याटप्प्याने कमी करत 2047 पर्यंत त्यांत 85 टक्के घट करायची आहे. मोठा चिलर वीस-पंचवीस वर्षं चालतो, तेव्हा या वर्षी एखाद्या हॉटेलात बसलेलं यंत्र 2047 च्या सुमारासही चालू असेल. त्यात कोणता वायू भरायचा, हे आत्ता खरेदीच्या टेबलावर ठरतंय.