मेक अप (इंग्रजी क्रियापद)

'मेक' हे क्रियापद आणि 'अप' हे अव्यय मिळून झालेले इंग्रजी क्रियापद. अशा जोडक्रियापदांना 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. ही संज्ञा लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये छापून रूढ केली.

नाटक-सिनेमामुळे 'मेकअप' हे नाम मराठीत केव्हाच रुळले. इंग्रजीत मात्र चेहरा रंगवण्यासाठी हे क्रियापद रोजच्या बोलण्यात कमी येते. तिथे 'पुट ऑन मेकअप' म्हणतात. उच्चारही वेगळा : नामात जोर 'मेक'वर, क्रियापदात 'अप'वर.

क्रियापदाचे अर्थ बरेच आहेत. अकरा खेळाडू मिळून संघ होतो, तेव्हा 'इलेव्हन प्लेअर्स मेक अप अ टीम'. भांडण मिटवून पुन्हा गोडी झाली, तर 'दे मेड अप'. औषधविक्रेत्याने चिठ्ठीप्रमाणे औषध तयार करणे, पाहुण्यासाठी अंथरूण घालणे, मनाशी पक्के ठरवणे ('मेक अप युअर माइंड') यांनाही हेच क्रियापद चालते. सर्वांत जास्त कानावर येतो तो कपोलकल्पित काही रचण्याचा अर्थ. मुलांना झोपवताना आईने ऐनवेळी गोष्ट रचली तरी 'मेड अप', आणि उशीर झाल्यावर कुणी थाप मारली तरी 'मेड अप'. कौतुक की आरोप, हे संदर्भावरूनच कळते.

भरपाईच्या अर्थाशी जरा थांबायला हवे. सकाळी बुडालेले दोन तास संध्याकाळी जास्त काम करून भरून काढले, तर 'मेक अप द टाइम'. पण उणीव एका गोष्टीची आणि भरपाई दुसरीची असेल, तर 'फॉर' लागतो : 'द फूड मेड अप फॉर द लाँग वेट', म्हणजे खूप ताटकळलो, पण जेवणाने ती कसर भरून काढली. इथला 'फॉर' गाळला, तर वाक्य बिघडते.

शब्दक्रमाचा नियम शिकणाऱ्याने तोंडातच बसवून घ्यावा. 'शी मेड अप अ स्टोरी' आणि 'शी मेड अ स्टोरी अप' दोन्ही बरोबर. सर्वनाम आले, की ते मध्येच बसते : 'शी मेड इट अप'. 'मेड अप इट' चूक. 'मेक अप फॉर' मात्र असे फुटत नाही. तिथे सर्वनाम शेवटी येते, 'मेक अप फॉर इट'.

प्रदेशाप्रमाणेही फरक पडतो. चुकलेली परीक्षा नंतर देणे याला अमेरिकेत 'मेक अप अ टेस्ट' म्हणतात. लिव्हरपूलकडे 'आय ॲम मेड अप' म्हणणारा माणूस आपण फार खूश आहोत, असे सांगत असतो.