कोबीच्या विषाचं गिऱ्हाईक

थंडी पडली, मंडईत फ्लॉवर स्वस्त झाला, की व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज ठरल्यासारखा उगवतो. 'कोबी-फ्लॉवर खाऊ नका, त्यातला किडा मेंदूत शिरतो!' सोबत मेंदूच्या स्कॅनचा फोटो, कुठल्याशा मोठ्या डॉक्टरांचा हवाला आणि 'दहा जणांना पाठवा' ही आज्ञा. मग घरोघरी फ्लॉवर हळद-मिठाच्या पाण्यात बुडवला जातो. तळाशी एखादी हिरवी अळी सापडली, की मेसेज खराच होता यावर शिक्कामोर्तब.

त्या अळीवर हा आरोप म्हणजे शुद्ध अन्याय आहे. मेंदूत गाठी करणारा प्राणी वेगळाच. टीनिया सोलियम नावाचा हा पट्टकृमी माणसाच्या आतड्यात राहतो आणि त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. सांडपाण्यावर पिकवलेली भाजी, न धुतलेले हात, दूषित पाणी यांतून ती अंडी दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली, तर त्यातून निघालेले सूक्ष्म जीव रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचून गाठी करतात आणि फिट्स येऊ लागतात. आजार गंभीर आहे, त्याची टिंगल नको. पण ते अंडं मिलिमीटरच्या तीन-चार शतांश भागाएवढं असतं, डोळ्यांना दिसतच नाही. ते कोबीला चिकटेल तसंच कोथिंबिरीला आणि गाजरालाही चिकटेल. भाजी नीट धुणं, शिजवणं आणि शौचानंतर साबणाने हात धुणं, हाच त्यापासूनचा बचाव. फ्लॉवरमधून निघालेली हिरवी अळी हे एका पतंगाचं पिल्लू आहे. चुकून आमटीत शिजली तर किळस वाटेल, त्यापलीकडे काही होणार नाही.

मला या अळीबद्दल बोलायचंय ते मात्र वेगळ्या कारणासाठी. कोबी हे काही गरीब झाड नाही. त्याच्या पानात विष आहे, तेही तयार विष नव्हे, तर चावा बसल्यावर त्याच क्षणी तयार होणारं. आणि ही बोटाच्या पेराहून लहान अळी ते विष बिनदिक्कत पचवते.

हे विष तुम्हा-आम्हाला चांगलं ओळखीचं आहे. लोणच्यासाठी किंवा रायत्यासाठी मोहरी फेसताना नाकात जी झणझणी जाते, ती तीच. अख्खी कोरडी मोहरी हुंगून पाहा, काही वास येत नाही. वाटून, पाणी घालून फेसायला घेतली की थोडा वेळ शांतता आणि मग एकदम डोळ्यांत पाणी. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, सलगम, मोहरी ही सगळी एकाच कुळातली भावंडं, आणि हे हत्यार कुळातल्या सगळ्यांकडे कमीअधिक प्रमाणात आहे.

त्याची रचना अशी. पानाच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगं साठवलेली असतात. त्यांचे शंभराहून जास्त प्रकार माहीत आहेत. ही संयुगं स्वतः फारशी त्रासदायक नाहीत. शेजारी, पण वेगळ्या कप्प्यात, मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. नळ गळायला लागला की आपण एम-सीलच्या दोन कांड्या एकत्र मळतो. वेगवेगळ्या असताना त्या वर्षभर मऊ राहतात आणि एकत्र आल्या की दगड होतात. कोबीचंही तसंच. अळीने पान कुरतडलं, कप्पे फुटले, की विकर आणि संयुग एकमेकांना भेटतात.

पुढचं रसायनशास्त्र मला इतकं आवडतं की ते गाळून पुढे जाववत नाही. ग्लुकोसिनोलेटच्या मधोमध एक कार्बन असतो. त्याच्या एका बाजूला गंधकाच्या हाताने ग्लुकोज धरलेलं, दुसऱ्या बाजूला नायट्रोजन, त्या नायट्रोजनच्या टोकाला सल्फेट आणि तिसऱ्या हाताला एक शेपटी. शेपटी बदलली की ग्लुकोसिनोलेटचा प्रकार बदलतो. मायरोसिनेज येऊन फक्त ग्लुकोज छाटतं. उरलेला रेणू अस्थिर. त्यातलं सल्फेट निघून जातं आणि त्याच दमात शेपटी कार्बनवरून उडी मारून नायट्रोजनवर जाऊन बसते. तयार होतं आयसोथायोसायनेट, म्हणजे नायट्रोजन, कार्बन आणि गंधक असे ओळीने दुहेरी बंधांनी बांधलेले. मधला कार्बन भलताच आधाशी असतो, समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतो. कीटकाच्या पोटात हे घडलं की पेशींचं काम बिघडतं. आपल्या नाकात घडलं की ठसका लागतो. (फोडणीत मोहरी झणझणीत न होता खमंग होते, कारण कडकडीत तापलेल्या तेलात विकर आधीच खलास होतं. बाकी मीठमोहरी ओवाळून विस्तवावर टाकल्यावर 'बघ किती तडतडली, केवढी दृष्ट लागली होती!' असं म्हणणाऱ्यांसाठी: दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन टरफल फुटतं. दृष्ट न लागलेल्या पोराची मोहरीसुद्धा तेवढीच तडतडते.)

आता अळीकडे वळू. ही चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी, शास्त्रीय नाव प्लुटेला झायलोस्टेला. पतंग जेमतेम सेंटिमीटरभर, करड्या रंगाचा. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट शंकरपाळ्यांची रांग दिसते. अळीला काडीने हळूच डिवचलं, तर ती वळवळत मागे सरकते आणि पानावरून खाली उडी टाकून स्वतःच्याच रेशमी धाग्याला लोंबकळत राहते. जरा मोठी झालेली अळी पानाचा खालचा भाग खरवडून खाते आणि वरचा पारदर्शक पापुद्रा तसाच ठेवते. पान उजेडाकडे धरलं की त्याला छोट्या काचेच्या खिडक्या लावल्यासारखं दिसतं. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत उरकतो.

कोबीचं हत्यार हिच्यावर का चालत नाही, याचं उत्तर जर्मनीत येना इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये दिलं. अळीच्या आतड्यात सल्फेटेज नावाचं विकर असतं. ते ग्लुकोसिनोलेटवरचं सल्फेट आधीच काढून टाकतं. बस्स. सल्फेट नसलेलं संयुग मायरोसिनेजच्या पकडीत बसत नाही, ग्लुकोज छाटलंच जात नाही आणि विष बनतच नाही. अळी विषाशी लढत नाही, ते तयार होण्याआधीच त्याची कळ काढून घेते.

युरोपातल्या भाजीच्या वाफ्यांवर हैदोस घालणाऱ्या पांढऱ्या कोबी-फुलपाखराच्या अळीने वेगळा मार्ग काढलाय. ती ग्लुकोज छाटू देते, पण स्वतःजवळच्या एका प्रथिनाने पुढची अभिक्रिया वळवते आणि आयसोथायोसायनेटऐवजी कमी घातक नायट्राइल तयार होऊ देते. तर कोबीवरच्या राखाडी माव्याने, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीने, हत्यारच पळवलंय. तो सोंड पेशींच्या मधून घालून रस ओढतो, त्यामुळे कप्पे फुटत नाहीत. रसातली ग्लुकोसिनोलेट तो स्वतःच्या रक्तात साठवतो आणि मायरोसिनेज स्वतःच्या स्नायूंत बनवतो. ढालकिड्याने (लेडीबर्डने) त्याला चावून चिरडलं, की माव्याच्या अंगातच मोहरी फेसली जाते.

पण खरी गंमत याच्याही पुढे आहे. १९१० साली एडुआर्ड फर्शाफेल्ट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्यांसमोर त्या एरवी तोंड लावणार नाहीत अशी पानं ठेवली. त्या उपाशी राहिल्या. मग त्याच पानांना त्याने मोहरीच्या कुळातल्या झाडाचा रस फासला, तर अळ्या खायला लागल्या. ज्या द्रव्याने कीटक पळायला हवेत, तेच यांना 'या, बसा, जेवा' म्हणतं. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचंही तेच. मादी अंधार पडल्यावर उडते आणि आयसोथायोसायनेटच्या वासावर कोबी शोधते. चिनी संशोधकांनी २०२० मध्ये तिच्या मिशांतले हा वास पकडणारे दोन ग्राहक (रिसेप्टर) ओळखले. जनुक-संपादनाने ते दोन्ही बंद केल्यावर माद्यांना हा वास सोडणाऱ्या झाडाची ओढच उरली नाही.

कोबीला यातून सुटका नाही. विष कमी केलं, तर एरवी फिरकणार नाहीत असे शेकडो कीटक येतील. वाढवलं, तर या एका गिऱ्हाइकाला पत्ता जास्त ठळक होईल. आपल्याला ब्रोकोली 'सुपरफूड' म्हणून विकणारे लोक सल्फोराफेनचं जे कौतुक करतात, ते सल्फोराफेन म्हणजेसुद्धा एक आयसोथायोसायनेट. प्रयोगशाळेतल्या पेशींवर त्याचे परिणाम दिसले आहेत हे खरं, पण म्हणून त्याच्या महागड्या गोळ्यांनी कॅन्सर टळेल असं म्हणणं ही निव्वळ जाहिरात. ब्रोकोली खा, चांगली भाजी आहे. तिने ते द्रव्य तुमच्यासाठी बनवलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

जो जीव लाखो वर्षं विषं निकामी करण्यातच मुरलेला आहे, त्याच्यावर नवनवी विषं फवारून काय होणार, याचा अंदाज खरं तर आधीच यायला हवा होता. डीडीटीला दाद न देणारा हा पतंग जावा बेटावर आढळल्याची नोंद १९५३ सालची. पिकावर पडणाऱ्या किडींमधली ही अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक. पुढे जिवाणूपासून बनवलेलं बीटी हे कीटकनाशक आलं, ते सुरक्षित आणि नेमकं. त्यालाही पुरून उरलेले पतंग हवाईच्या शेतांत सापडल्याचं १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. दुकानदाराने दिलेली बाटली दर आठवड्याला मारणारा शेतकरी नकळत त्या पतंगांचीच निवड करत असतो. शिवाय फवाऱ्यात अळीचे शत्रू आधी मरतात.

मग परसबागेत किंवा गुंठाभर जागेत कोबी लावायचा असेल तर काय करायचं? पतंग वासावर येतो ना, मग त्याला जास्त वास द्यायचा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावायची पद्धत बसवली. मोहरीत तिखट वासाचं द्रव्य कोबीपेक्षा भरपूर, म्हणून माद्या आधी तिकडे वळतात. यात सगळं वेळेवर अवलंबून आहे. पहिली मोहरी कोबीची रोपं लावण्याच्या १२ ते १५ दिवस आधी पेरायची, म्हणजे रोपं येतील तेव्हा ती पानांवर आलेली असेल. दुसरी ओळ लागवडीनंतर २५ दिवसांनी, कारण तोवर पहिली जून होते. रब्बीसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यावर रोपं टाकली, तर चार-पाच आठवड्यांत लागवड होते. त्यावरून मागे मोजून मोहरीची तारीख ठरवा. चार ओळींच्या परसबागेत कडेने मोहरी पुरे. हा उपाय सगळीकडे सारखा चालत नाही, काही देशांत मोहरीने निराशाच केलीय. आणि मोहरीवरच्या अळ्या वेचून मारल्या नाहीत, तर तुम्ही सापळा नाही, पाळणाघर उघडलेलं असतं. युरोपात उगवणारी बार्बेरिया नावाची त्याच कुळातली वनस्पती या बाबतीत फार सोयीची: मादी तिच्यावर हौसेने अंडी घालते आणि तिच्यातल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यांमुळे अळ्या जगत नाहीत. आपल्याकडे ती सहजी मिळत नाही, तेव्हा मोहरी आणि आपली बोटं.

बारीक जाळी उत्तम, पण ती रोपं लावल्या दिवशीच टाकावी. अळ्या दिसल्यावर टाकली, तर अळ्या आत सुखात आणि त्यांना खाणारे बाहेर. अळ्या कोवळ्या असताना पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावा. संध्याकाळी अशासाठी, की कडुनिंबातलं द्रव्य उन्हात लवकर निकामी होतं. झारीने वरून जोरात पाणी मारलं तर लहान अळ्या धुऊन जातात, पण पानांच्या कडेने पिवळे त्रिकोण पडायला लागले असतील तर हे बंद. ती काळी कूज असते आणि ती पाण्याच्या शिंतोड्यांनी पसरते.

एक गोष्ट मात्र करू नका. पानाखाली कधी दोन प्रकारचे कोष दिसतात. सैल विणीच्या जाळीतून आतला हिरवट कोष सरळ दिसत असेल, तर तो पतंगाचा, खुशाल चिरडा. पण मेलेल्या किंवा मलूल अळीच्या शेजारी तीन-चार मिलिमीटरचा, घट्ट विणलेला, पांढरा शुभ्र कोष दिसला तर हात लावू नका. तो कोटेशिया नावाच्या गांधीलमाशीच्या छोट्या चुलतबहिणीचा. ती अळीच्या अंगात अंडं घालते, तिचं पिल्लू आतून अळी पोखरतं आणि बाहेर येऊन हा कोष विणतं. लोक हीच किडीची अंडी समजून नेमकी पुसून टाकतात. अशाच दुसऱ्या एका माशीला, डायडेग्माला, २००२ मध्ये तैवानहून केनियात नेऊन सोडलं, आणि तिथल्या कोबीवरचा पतंगाचा उपद्रव लक्षणीय कमी झाला. या माशा मोठेपणी मधुरसावर जगतात. म्हणून कडेची मोहरी फुलावर आली की ती लगेच उपटू नये, थोडी फुलू द्यावी. फक्त शेंड्यांवर राखाडी मावा दाटला, तर तेवढे शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात टाकावेत.