संगीत एकाचं, वादन दुसऱ्यांचं: ‘प्रोफोन्दो रोस्सो’ची पार्श्वभूमी

‘प्रोफोन्दो रोस्सो’, म्हणजे गडद लाल, हा भयपट मार्च १९७५ मध्ये इटलीत लागला. टायटल्समध्ये संगीताबद्दल एक ओळ आहे. तिचा मथितार्थ असा: संगीत मिलानच्या एका जाझ पियानोवादकाचं, वादन ‘गॉब्लिन’ या बँडचं. आता गंमत बघा. काळ्या पडद्यावर ही नावं सरकत असतात तेव्हा वाजत असतं ते बँडने स्वतः रचलेलं संगीत, पियानोवादकाचं नव्हे. पुढे या बँडच्या नावावरून जे रामायण झालं, त्याची सुरुवात मला तरी या ओळीपाशी दिसते.

भयपट म्हणजे किंचाळणारी व्हायोलिनं, हे १९६० च्या ‘सायको’ने पक्कं करून टाकलं होतं. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, इथे उजळणी नको. आपल्या गोष्टीतला दिग्दर्शक रोमचा. १९७० ते १९७१ या काळातल्या त्याच्या पहिल्या तीन रहस्यपटांना इटलीतल्या सर्वांत नामांकित चित्रपट-संगीतकाराने संगीत दिलं होतं. मग दोघांचं फिसकटलं. १९७३ मध्ये दिग्दर्शकाने भयाची वाट सोडून एक ऐतिहासिक विनोदी चित्रपट काढला, त्याचं संगीत या जाझ पियानोवादकाकडे गेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत ‘द एक्झॉर्सिस्ट’ आला. त्यात ‘ट्यूब्युलर बेल्स’ या इंग्रजी रॉक एलपीचा सुरुवातीचा तुकडा वापरला होता. वाद्यवृंद न बोलावता, कीबोर्डवरच्या एका फिरत्या सुरावटीने थिएटरातल्या माणसाला घाम फोडता येतो, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

पियानोवादकाला या गोष्टीत हल्ली खलनायक नाही तर निदान जुनाट मास्तर म्हणून उभं करतात. तसा तो नव्हता. १९५७ मध्येच त्याने जाझमध्ये बारा स्वरांच्या पद्धतीचा, म्हणजे बाराही स्वर सारख्याच मानाने वापरण्याचा, प्रयोग केला होता, १९६१ च्या ‘ला नोत्ते’ या चित्रपटाचं संगीत त्याचं, आणि सत्तरच्या दशकात त्याने रोमच्या संगीतविद्यालयात जाझ शिकवलं. फक्त दिग्दर्शकाला हवं होतं ते वेगळंच. त्याला रॉक हवा होता, मनात पिंक फ्लॉइड हा इंग्रजी रॉक बँड होता. ते काही जमलं नाही. तेव्हा रोममधल्या एका रेकॉर्ड कंपनीने आपल्याकडची विशीतली पोरं पुढे केली. ही पोरं आधी वेगळ्या नावाने लंडनला नशीब काढायला जाऊन हात हलवत परतली होती. त्यांची पहिली रेकॉर्ड तयार होती, पण बाजारात आली नव्हती. ती नंतर आली, तीही कंपनीने सुचवलेल्या ‘चेरी फाइव्ह’ या भलत्याच नावाने. या चित्रपटासाठी मात्र नाव ठरलं ‘गॉब्लिन’.

त्यांना काम दिलं होतं ते वाजवायचं. पियानोवादकाने लिहून द्यायचं, बँडने त्याला रॉकचा बाज द्यायचा. इथवर सगळ्यांचं एकमत आहे. पुढचं कुणाला विचाराल त्यावर अवलंबून. कुणी म्हणतं, दिग्दर्शकाला पियानोवादकाचे तुकडे पसंत पडेनात. कुणी म्हणतं, पियानोवादकच दुसऱ्या कामांत अडकला होता आणि वैतागून निघून गेला. काहीही असो, काम अर्धवट राहिलं आणि दिग्दर्शकाने पोरांना सांगितलं, उरलेलं तुम्हीच करा. मुख्य धून एका रात्रीत बांधली, असं बँडवाले आजवर सांगत आलेत. अशा रात्री दर वेळी सांगताना थोड्या लहान होत जातात, हेही लक्षात घ्यावं.

धून ऐकली की ‘ट्यूब्युलर बेल्स’ची आठवण येतेच, ते कुणी लपवलेलंही नाही. सात आणि आठ मात्रांची आलटून पालटून आवर्तनं, खाली बास गिटार हट्टाने तेच ते वाजवतेय. रूपक तालाची सवय असलेला आपला कान सातवर सुखावतो, पुढच्याच आवर्तनात एक मात्रा जास्त येते आणि सम हुकते. मग वरून ऑर्गन कोसळतो. ही रेकॉर्ड इटलीत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. भयपटाच्या संगीताच्या वाट्याला असं क्वचितच येतं.

पैसा आला तसा प्रश्नही आला: हे नक्की कुणाचं? मूळ एलपी हातात घेतली की निवाडा जवळजवळ लिहूनच ठेवलेला दिसतो. पहिल्या बाजूला तीन रचना, तिन्ही बँडच्या. दुसऱ्या बाजूला चार, त्या पियानोवादकाच्या. अर्धी-अर्धी वाटणी. टायटल्समधली ओळ मात्र बँडला निव्वळ वाजंत्री ठरवते. आपल्याकडे ‘संगीत’, ‘पार्श्वसंगीत’, ‘संगीत संयोजन’ अशा तीन वेगळ्या ओळी पडद्यावर येतात आणि कोणाचं काम कुठे संपतं, याचा थोडा तरी अंदाज लागतो. ‘तुंबाड’चंच घ्या: गाणं मराठी जोडीचं, पार्श्वसंगीत एका डॅनिश संगीतकाराचं, आणि कुणाची तक्रार नाही. १९७५ च्या त्या ओळीत ‘संगीत’ आणि ‘वादन’ असे दोनच खण होते. बँडने रचलं, वाद्यं निवडली, वाजवलं, आणि ते सगळं ‘वादना’च्या खणात कोंबलं गेलं. बँडची नाराजी रास्त होती.

पण नंतर तराजू पार दुसरीकडे कलला. आज कुणालाही विचारा, ‘प्रोफोन्दो रोस्सो’चं संगीत गॉब्लिनचं. हेही अर्धंच खरं. टायटल्स मध्येच तुटतात, आठवतं का? बँड थांबतो. नाताळचं झाड, भिंतीवर झटापटीच्या सावल्या, ला-ला-ला करणारं लहान मुलाचं गाणं, किंकाळी, आणि फरशीवर येऊन पडलेला सुरा. सुऱ्याजवळ एका मुलाचे पाय येऊन थांबतात. मग बँड पुन्हा सुरू होतो, जणू मधलं काही घडलंच नाही. ते अंगाईसारखं गाणं पियानोवादकाचं आहे. पुढे अख्ख्या चित्रपटात खून होण्याआधी तेच वाजतं. खुनी स्वतःच ते वाजवतो, म्हणजे कथेचा धागाच त्या सुरावटीत आहे. बँडची धून काढली तर चित्रपट लंगडेल. अंगाई काढली तर रहस्यच उरणार नाही. हे संगीत दोघांनी मिळून केलं, एका खोलीत न बसता आणि बहुधा एकमेकांना न विचारता. माझा कल कुठे आहे ते एव्हाना कळलंच असेल.

१९७७ च्या ‘सुस्पीरिया’त हा घोळ नव्हता, कारण पियानोवादकच नव्हता. बँडने चित्रीकरणाआधीच काही संगीत करून दिलं आणि ते सेटवर मोठ्या आवाजात वाजवलं गेलं. इटलीत संवाद नंतर डब करायची पद्धत, त्यामुळे सेटवरच्या आवाजाची कुणाला पर्वा नव्हती. नट त्या दणदणाटातच घाबरत होते. वाद्यांची यादी वाचण्यासारखी आहे: मूग सिंथेसायझर, मेलोट्रॉन, सेलेस्टा, ग्रीक बुझुकी आणि चक्क तबला. तबला बँडच्या बास गिटारवाल्याने वाजवलाय. बोलांची अपेक्षा ठेवू नका. अंधारात कुणीतरी दार थोपटतंय तसा तो येतो, आणि त्या जागी तसाच हवा. मुख्य धुनेत एक घोगरा आवाज कानाशी ला-ला-ला कुजबुजतो. दोन वर्षांपूर्वीच्या त्या अंगाईचा हा भाऊच वाटतो, पण हे कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. या वेळी श्रेय बँडला मिळालं, सोबत ‘दिग्दर्शकाच्या सहकार्याने’ अशी जोड लागली. दिग्दर्शकाने किती सूर लावले, हा पुन्हा वेगळा वाद.

पुढच्याच वर्षी मढ्यांच्या झुंडीवरचा एक अमेरिकी चित्रपट आला. आपला हा दिग्दर्शक त्याच्या निर्मितीत भागीदार होता आणि युरोपातली आवृत्ती त्याने स्वतः कापली. तिच्यात गॉब्लिन जवळजवळ सर्वत्र आहे. अमेरिकी आवृत्तीत बँडचे मोजकेच तुकडे ठेवून बाकी जागा तयार संगीताच्या साठ्यातून भरल्या. म्हणजे एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या, आणि ‘संगीत गॉब्लिनचं’ या शब्दांचा अर्थ दोन्हींत वेगळा.

नंतर बँड फुटला. १९८२ मध्ये ‘तेनेब्रे’साठी दिग्दर्शकाने पुन्हा बोलावलं तेव्हा जुन्यांपैकी तिघे आले, कीबोर्ड, गिटार आणि बास. काम अस्सल जुन्या वळणाचं झालं, फक्त ‘गॉब्लिन’ हे नाव त्यांना वापरता येईना. टायटल्समध्ये तिघांची नावं सुटी सुटी आली. २००१ च्या एका चित्रपटासाठी बरेच जण पुन्हा एकत्र आले, तेही टिकलं नाही. त्यानंतरच्या काळात कीबोर्डवाल्याने ‘गॉब्लिन’च्या आधी स्वतःचं नाव लावून एक बँड चालवला, बास आणि ड्रम्सवाल्यांनी मागे ‘रीबर्थ’ जोडून दुसरा. ‘प्रोफोन्दो रोस्सो’ची मुख्य धून दोघेही आपलीच म्हणून वाजवत, आणि तसं पाहिलं तर दोघांचीही ती आहेच.

पियानोवादक २०१४ मध्ये गेला. ती अंगाई मूळ एलपीवर दुसऱ्या बाजूला तिसरी आहे, नाव ‘स्कूल ॲट नाइट’.