पोट भरलेलं, तरी उपाशी

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा एक व्हिडिओ आला. टोपलीत स्लॉथची चार-पाच पिल्लं, प्रत्येकाच्या मिठीत एक कापडी खेळणं. काकूंनी लिहिलं, “किती गोड हसतायत!” भाच्याने विचारलं, “हे आपल्या ताडोबातलंच अस्वल ना? त्यालाही इंग्रजीत स्लॉथ बेअर म्हणतात.”

भाचा चुकला, पण त्याच्या आधी मोठमोठे चुकलेत. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणीशास्त्रज्ञाने लांब नख्या आणि पुढचे दात नसलेला जबडा पाहून आपल्या अस्वलाला थेट स्लॉथच्या गटात टाकलं होतं. खरे स्लॉथ म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, झाडांवर राहणारे संथ प्राणी, मुंगीखाऊचे नातलग. पुढच्या पायांच्या बोटांवरून त्यांचे दोन प्रकार, तीनबोटी आणि दोनबोटी. आणि ते हसत नाहीत. तीनबोटी स्लॉथच्या चेहऱ्याची ठेवणच तशी. वेदनेतही तो तसाच दिसतो.

कोस्टा रिकाने २०२१ मध्ये स्लॉथला राष्ट्रीय प्रतीक केलं. त्याच देशात विजेच्या उघड्या तारा, मोकाट कुत्री आणि गाड्या यांच्यापायी स्लॉथच्या माद्या मरतात आणि पोटाला बिलगलेलं पिल्लू मागे उरतं. खाली सापडलेलं प्रत्येक पिल्लू अनाथच असतं असंही नाही. कधी ते नुसतं पडलेलं असतं आणि आई वरच असते. अशा वेळी पिल्लाचं ओरडणं रेकॉर्ड करून झाडाखाली स्पीकरवर वाजवतात. आई हळूहळू उतरते. (स्लॉथच्या हिशेबाने, घाईघाईने.)

आई नसेल तर मात्र खरी परीक्षा पोटाची.

पिठूळ बटाटा आणि झाडाचं पान, दोन्हीत ग्लुकोजच्याच साखळ्या. पण पानातल्या सेल्युलोजमध्ये कड्या वेगळ्या पद्धतीने जोडलेल्या असतात आणि ती जोडणी तोडणारं विकर (एन्झाइम) कुठल्याही सस्तन प्राण्याकडे स्वतःचं नाही. गाय हे काम पोटातल्या सूक्ष्मजीवांकडून करून घेते, तसाच स्लॉथही. त्याच्या अनेक कप्प्यांच्या जठरात प्राणवायूविना किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, चालतं. त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी छोटी आम्लं तयार होतात, ती जठराच्या भिंतीतून रक्तात जातात आणि त्यांवरच प्राणी जगतो. पण गाय रवंथ करते आणि पोटातली भट्टी ३८-३९ अंशांवर कायम ठेवते. स्लॉथ यातलं काहीच करत नाही. त्याचं शरीर भोवतालच्या हवेबरोबर काही अंश थंड-गरम होतं आणि त्याच्याबरोबर ती भट्टीही. विकरांच्या क्रियेचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो किंवा निम्म्यावर येतो. डिसेंबरात नाशिकला इडलीचं पीठ रात्रभर ठेवूनही फुगत नाही, तेच इथे. कोस्टा रिकातल्या स्लॉथ अभयारण्यातला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हवा गरम तसं तीनबोटी स्लॉथचं खाणं वाढतं, असं दिसलं. उलट गारठा लांबला तर किण्वन मंदावतं, पानं पोटात तशीच पडून राहतात आणि प्राणी भरल्या पोटी उपाशी मरू शकतो. म्हणून पिल्लाला आधी ऊब, मग दूध. बऱ्याच ठिकाणी शेळीचं.

पुढचा पेच पानांचा. पानांत टॅनिनसारखी विषारी रसायनं असतात आणि प्रत्येक झाडाची वेगळी. पिल्लू आईच्या ओठांवरचे पानांचे तुकडे चाटतं, त्यातून चव शिकतं. सूक्ष्मजीवही बहुधा असेच मिळतात. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर १९७० च्या दशकात माँटगोमेरी आणि सनक्विस्ट यांना दिसलं, की एकाच जंगलातल्या स्लॉथांची आवडती झाडं वेगवेगळी असतात आणि ती आवड आईकडून पिल्लाकडे येते. हा वारसा बाटलीतून देता येत नाही. सांभाळणारी माणसं रोज जंगलातून ताजी पानं तोडून आणतात, सेक्रोपियाची आणि आणखी बऱ्याच झाडांची. तीनबोटी पिल्लं या बाबतीत फारच हट्टी, दोनबोटी त्यामानाने सोशिक.

इथे स्लॉथबरोबर सेल्फी काढणारे आठवतात. पूर्वी आपल्याकडे दरवेशी अस्वल घेऊन यायचे, भीती जावी म्हणून पोरांना त्याच्या पाठीवर बसवायचे आणि ताइतात घालायला त्याचा केस विकायचे. आज पर्यटक कुणाच्या तरी हातातलं स्लॉथ उचलून फोटो काढतो. ताइताच्या जागी लाइक, एवढाच फरक.

‘स्लॉथ’ या इंग्रजी शब्दाचा अर्थच आळस, पण तो आरोपही गैरसमजातलाच. पिंजऱ्यातले स्लॉथ दिवसाला सोळाएक तास झोपतात, यावरून ती ख्याती पसरली. २००८ मध्ये पनामात जंगली स्लॉथांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या, तर झोप साडेनऊ-दहा तासांचीच निघाली.

कोस्टा रिकातल्या मॅन्युअल अँटोनियोजवळच्या स्लॉथ इन्स्टिट्यूटमध्ये वाढलेल्या पिल्लांना एकदम सोडत नाहीत. जंगलातच मोठा पिंजरा असतो. काही काळाने त्याचं दार उघडं ठेवतात, पण आत खाणं ठेवणं चालूच असतं. गळ्यात रेडिओ कॉलर. जनावर परत येतं, जातं, पुन्हा येतं. मागावर असलेल्यांना वाटावं, इतक्या संथ प्राण्याला शोधायला काय लागतं! कॉलर सांगते, याच झाडावर आहे. वर बघितलं की पानंच पानं. मान दुखेपर्यंत दुर्बिणीतून शोधायचं, आणि शेवटी जे वाळलेल्या पानांचं गाठोडं म्हणून तीनदा सोडून दिलं होतं, ते कूस बदलतं.