सी लाल, डी मोकळा : घरच्या संगणकातल्या वाटण्यांची पार्श्वभूमी

लातूर, परभणी, बीड, नांदेड इथल्या अनेक घरांत सात-आठ वर्षांपूर्वीचा संगणक अजून रोज चालतो. त्यातल्या बऱ्याच संगणकांत एकच चित्र दिसते : सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली आणि शेजारचे डी, ई निम्मेअधिक मोकळे. दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की विंडोज ही पट्टी लाल करते. घरच्यांना वाटते हार्ड डिस्क भरली, आता नवीन घ्यावी लागणार. प्रत्यक्षात डिस्कचा एक तुकडा, म्हणजे पार्टिशन, भरलेला असतो. हे तुकडे पाडण्याची पद्धत आली कुठून, हे समजले तर पुष्कळ घरांचा खर्च वाचेल, म्हणून हा मागोवा.

१९८१ च्या आयबीएम पीसीत हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपीसाठी ए आणि बी ही अक्षरे होती. १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि तिच्या वाट्याला पुढचे अक्षर, म्हणजे सी आले. फ्लॉपी गेली तरी सी तिथेच राहिला. त्याच वर्षीच्या डॉस २.० या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमने डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे कप्प्यात, कोणता तुकडा कुठे आहे हे सांगणारा चार नोंदींचा एक तक्ता ठेवला. एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात हा त्यामागचा हेतू होता. घरगुती फायली वेगळ्या ठेवण्याचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

पुढे तुकडे पाडणे ही सक्ती झाली. डॉसचे एक पार्टिशन ३२ एमबीपेक्षा मोठे होऊ शकत नसे, त्यामुळे १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये एक्स्टेंडेड पार्टिशनची, म्हणजे पोटात आणखी तुकडे सामावणाऱ्या पार्टिशनची, सोय करावी लागली. नंतर फॅट१६ या फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीची, मर्यादा २ जीबीपर्यंत गेली, पण तिथे १ केबीची फाइलसुद्धा ३२ केबी जागा अडवू लागली. लहान तुकडे पाडले की ही नासाडी कमी व्हायची. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आले आणि ही अडचण बहुतांश सुटली. हाताला लागलेली सवय मात्र सुटली नाही.

मराठवाड्यात घरोघरी संगणक येऊ लागले ते साधारण याच वळणावर. २००१ मध्ये एमकेसीएलची (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापना झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक साक्षरता कोर्सचे वर्ग तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. मुलाने कोर्स केला की घरात असेंबल केलेला संगणक यायचा. डीटीपीवाल्यांकडे लग्नपत्रिका आणि हँडबिले कोरल ड्रॉ, पेजमेकरवर होऊ लागली होती. आणि तेव्हा इथे भारनियमन होते. ग्रामीण भागात तर दिवसाचे कित्येक तास वीज नसायची, तीही चालू कामात जायची. फॅट३२ मध्ये अर्धवट राहिलेल्या लेखनाची नोंद ठेवणारी व्यवस्था, म्हणजे जर्नल, नाही. वीज गेली, बॅकअप संपलेल्या यूपीएसने मान टाकली, की पुढच्या वेळी विंडोज ९८ आधी स्कॅनडिस्क चालवणार आणि फायलींचे तुकडे गोळा करत बसणार. असे वारंवार झाले की एक दिवस विंडोज सुरूच होत नसे. त्यात पेनड्राइव्हमधून फिरणाऱ्या व्हायरसची भर. मग दुरुस्तीवाल्याचा उपाय ठरलेला : फॉर्मॅट मारा.

फॉर्मॅट म्हणजे सी पुसायचा आणि विंडोज नव्याने टाकायची. डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स हे दोन्ही सी मध्येच असतात, हे बऱ्याच घरांना फोटो गेल्यावर कळले. म्हणून दुकानदार बजावू लागले, ‘डेस्कटॉपवर काही ठेवू नका, सगळं डी मध्ये टाका.’ त्या काळात हा सल्ला शंभर टक्के रास्त होता. माझ्या मते मराठवाड्यात डी ड्राइव्ह रुजवला तो तंत्रज्ञानाच्या गरजेपेक्षा या विजेच्या लपंडावाने. विंडोज एक्सपीने घरगुती संगणकांत एनटीएफएस ही फाइल सिस्टिम आणली, तिच्यात जर्नल होते. अचानक वीज गेली तरी फाइल सिस्टिमचा सांगाडा सहसा टिकू लागला. तोवर वाटणीची रीत पक्की झाली होती.

खरी अडचण झाली ती आकाराची. एक्सपीला दीड जीबी पुरायची, तेव्हा सी ला २० किंवा ४० जीबी म्हणजे चैन होती. पुढच्या डिस्क ५०० जीबीच्या झाल्या, तरी कित्येकांनी सी ५०-६० जीबीचाच पाडला. विंडोज ११ किमान ६४ जीबी मागते. शिवाय अपडेट, डाउनलोड्स, प्रत्येक प्रोग्रॅमचा साठा, सारे मुळात सी कडेच जाते.

मग डी मधली जागा काढून सी ला का देता येत नाही? विंडोज व्हिस्टापासून डिस्क मॅनेजमेंट या विंडोजमधल्याच साधनात पार्टिशन लहान-मोठे करता येते, पण डी लहान केला की मोकळी जागा त्याच्या शेवटाकडे निघते. सी ला हवी असते ती अगदी त्याच्या उजवीकडे लागून. बांधाला बांध लागला तरच रान वाढवता येते, तसेच हे. मध्ये विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेले रिकव्हरी पार्टिशन असेल तर तेही आडवे येते. पार्टिशन बदलणारी जीपार्टेडसारखी साधने डी ची सुरुवातच पुढे सरकवतात. त्यात सगळा डेटा हलतो, तास जातात, आणि मध्येच वीज गेली तर होते नव्हते ते जाऊ शकते. त्यापेक्षा डी मधले सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवावे, नीट उघडून पाहावे, मग डी काढून सी वाढवावा. हेही नको असेल तर डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमधल्या लोकेशनमध्ये डी चा पत्ता द्यावा. पुष्कळदा एवढ्यानेच पट्टी निळी होते.

एक गैरसमज मात्र मनापासून काळजी वाटावी असा आहे. ‘आमचं सगळं डी मध्ये आहे, सुरक्षित आहे,’ असे लोक म्हणतात. डी फॉर्मॅटपासून वाचवतो. डिस्कच निकामी झाली तर सी, डी, ई एकदम जातात, कारण ती एकाच वस्तूवर आखलेली तीन नावे आहेत. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याच्या स्कॅन प्रती, मुलांची प्रमाणपत्रे यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

आता डॉसच्या काळातल्या चार नोंदींच्या त्या जुन्या तक्त्याच्या जागी जीपीटी हा नवा तक्ता आला आहे. जुना तक्ता २ टीबीपुढची डिस्क हाताळू शकत नव्हता. जीपीटीत विंडोज १२८ पर्यंत पार्टिशन मानते. पण नव्या लॅपटॉपमध्ये २५६ किंवा ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असते आणि तिचे तुकडे पाडून वेग वाढत नाही. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ दिसते ती कंपनी हजाराच्या आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते म्हणून. तिथे कोणी जागा चोरलेली नसते. २५६ जीबीच्या एसएसडीवर मी तरी एकच सी ठेवीन आणि डी साठीचे पैसे बाहेरच्या डिस्कवर घालीन.