पार्सल नेमकं कुठे अडकतं?

दिवाळीच्या सेलमध्ये मागवलेलं सामान उशिरा आलं की राग निघतो तो दारात उभ्या असलेल्या डिलिव्हरीवाल्यावर. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. पार्सल त्याच्या हाती पडलं, तेव्हाच उशीर होऊन गेलेला असतो.

तो कुठे झाला हे शोधताना सरासरीपासून सावध राहायला हवं. समजा शहरात माल २ दिवसांत पोचतो आणि दुर्गम तालुक्यात ६ दिवसांत. शंभरातल्या २० ऑर्डरी तालुक्यांतून येत असतील तर सरासरी २.८ दिवस. त्या ४० झाल्या की सरासरी ३.६ दिवस. कुणाचंही पार्सल एका तासानेसुद्धा उशिरा पोचलेलं नाही, तरी कंपनीच्या तक्त्यात 'डिलिव्हरी मंदावली' असं दिसतं!

आकडे वेगळे काढूनही उशीर दिसला, तर बारकोडकडे वळायचं. पार्सल प्रत्येक टप्प्यावर स्कॅन होतं, म्हणून दोन स्कॅनमधलं अंतर मोजता येतं. भिवंडीतल्या एखाद्या गोदामात वस्तू रॅकवरून काढल्याची नोंद सकाळी १० ची आणि पॅक झाल्याची संध्याकाळी ५ ची असू शकते. खोक्यात घालून लेबल चिकटवायला लागतात दोन-चार मिनिटं. बाकीचा सगळा वेळ ती वस्तू ट्रेमध्ये पडून असते, आपला नंबर लागण्याची वाट बघत.

या रांगेचं गणित मला फार आवडतं. डेन्मार्कचे गणितज्ञ आग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कॉल्सचा अभ्यास करून त्याचा पाया घातला. पॅकिंगचं एकच टेबल आहे, ऑर्डरी अनियमित येतात आणि एका पार्सलला सरासरी १ मिनिट लागतं असं धरू. टेबल ८० टक्के वेळ कामात असेल, तर रांगेसकट एका पार्सलला सरासरी ५ मिनिटं लागतात. ९० टक्क्यांना १० मिनिटं, ९५ ला २० आणि ९९ ला १००! सूत्र सोपं आहे: कामाचा वेळ भागिले टेबलाचा रिकामा हिस्सा. ८० वरून ९० टक्के म्हणजे ऑर्डरी जेमतेम आठव्या हिश्शाने वाढल्या, पण वेळ दुप्पट झाला. असं का व्हावं? सकाळी टेबल रिकामं राहिलं तो वेळ दुपारच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाही. गर्दीत साचलेली रांग ओसरते ती फक्त पुढच्या रिकाम्या वेळात, आणि भरलेल्या टेबलाकडे तो उरतच नाही. १९६१ मध्ये ब्रिटिश गणितज्ञ जॉन किंगमन यांनी दाखवलं, की ऑर्डरींचं येणं आणि कामाचा वेळ जितका अनियमित, तितकी रांग लांबते.

म्हणून 'एआय बसवा, डिलिव्हरी वेगवान होईल' या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. पॅकिंग तुंबलेलं असताना गाडीचा रस्ता कितीही हुशारीने आखला, तरी गाडी अर्धी रिकामीच निघणार. तिथे पॅकिंगचं आणखी एक टेबल हवं, किंवा ऑर्डरी पॅकिंगकडे दिवसभर समान अंतराने सोडायला हव्यात.

त्यात गाडी सुटण्याची वेळ ठरलेली असते. रात्री ८ ला दिवसाची एकच गाडी जात असेल, तर ८ वाजून १० मिनिटांनी तयार झालेलं पार्सल दुसऱ्या दिवशीच निघतं. दहा मिनिटांची रांग ग्राहकाला अख्ख्या दिवसाने महाग पडते. त्यामुळे तपासणाऱ्याने आधी गाडी सुटण्यापूर्वीच्या तासाभराचे स्कॅन काढावेत.