तोंडाची चुणचुण, लाल विंचू आणि सोडियमचं दार

‘औषध लय कडक हाय सर, दुपारपासून तोंड नुसतं चरचरायलंय.’ कपाशीवर सायपरमेथ्रिन मारून आलेला आमच्याकडचा एक जण मोठ्या समाधानानं सांगत होता. पाठीवर पंप, तोंडाला उपरणं, हातमोजे नाहीत. गालावर आणि कपाळावर, जिथं जिथं घामेजल्या हातानं पुसलं तिथं तिथं चुणचुण. पुरळ नाही, लाली नाही, सूज नाही. गरम पाण्यानं तोंड धुतलं की वाढते, उन्हात गेलं की वाढते, आणि बहुतेकांची दुसऱ्या दिवसापर्यंत जाते. परभणी-जालन्याच्या कापूस पट्ट्यात फवारणी करणाऱ्यांना हे नवीन नाही. त्यावर उभा राहिलेला समज मात्र अजब आहे: चुणचुणलं तर माल अस्सल, नाही चुणचुणलं तर मोंढ्यातल्या दुकानदारानं डुप्लिकेट गळ्यात मारलं.

अळी मरणार की नाही, हे तोंडाच्या चुणचुणीवरून कळत नाही. कळतं ते एवढंच, की औषध आपल्या कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोहोचलंय आणि अळीच्या शरीरात जे करतं तेच तिथं करू लागलंय. ही ॲलर्जी नाही. मला जीवशास्त्रातल्या ज्या मोजक्या गोष्टींचं वेड आहे त्यातली ही एक, त्यामुळे इथं जरा रेंगाळणार आहे.

मज्जातंतू निवांत असताना त्याच्या आतली बाजू बाहेरच्या मानानं सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. सोडियमचे धनभारित आयन बाहेर भरपूर, आत थोडे. मधल्या पडद्यात प्रथिनाची दारं असतात, फक्त सोडियमसाठीची. विजेचा दाब थोडा बदलला की दार उघडतं, सोडियम आत घुसतो, त्यामुळे शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या शेजारचं. संदेश असा पुढं सरकतो. पण खरी करामत उघडण्यात नसून मिटण्यात आहे. उघडल्यावर साधारण एका मिलिसेकंदात आतल्या बाजूनं एक झडप येऊन वाट बुजवते. मग दाब मूळ पदावर आला की मुख्य फळीही मिटते आणि दार पुढच्या संदेशासाठी तयार होतं. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाडजूड मज्जातंतूवर विद्युतप्रवाह मोजून १९५२ मध्ये हे गणितासकट मांडलं. दाराचं प्रथिन तेव्हा कुणी पाहिलेलंही नव्हतं. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं, म्हणजे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन वगैरे, तेलात विरघळणारी असतात. पेशीचा पडदाही स्निग्ध पदार्थाचा. रेणू पडद्यात शिरतो आणि दार उघडं असताना प्रथिनाच्या दोन घड्यांमधल्या खाचेत जाऊन बसतो. आता झडप नीट बसत नाही, फळी मिटत नाही. सोडियम झिरपतच राहतो. पर्मेथ्रिनसारखे साधे रेणू दार थोडाच वेळ अडवतात, मिलिसेकंदांच्या हिशेबात. तेवढ्यानंही एका संदेशाच्या जागी संदेशांची माळ सुटते. अळी थरथरते, कोलमडते. सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन यांच्या रेणूला सायनो नावाचा जादा गट चिकटलेला असतो. (सायनाइड खाल्ल्यावर जे होतं त्याच्याशी इथल्या परिणामाचा संबंध नाही, उगाच घाबरू नये.) हे रेणू दार सेकंदभर किंवा त्याहून जास्त धरून ठेवतात. मग मज्जातंतूतला दाबाचा फरकच हळूहळू नाहीसा होतो आणि तो गप्प पडतो. तोशिओ नाराहाशी या शास्त्रज्ञानं या गटावर अनेक दशकं काम केलं. सगळी दारं अडवावी लागत नाहीत, शंभरातलं एखादं अडकलं तरी संदेशांची माळ सुरू होते, हा त्या कामातला मला सगळ्यात थक्क करणारा भाग वाटतो. कातडीतल्या संवेदी टोकांची थोडीशी दारं अशी अडकली की मेंदूला खोटे संदेश जातात, त्यालाच आपण चुणचुण म्हणतो.

मग माणूस का कोलमडत नाही? एक तर कीटकांची ही दारं या रेणूंना आपल्यापेक्षा कितीतरी पट संवेदनशील असतात. दुसरं, पायरेथ्रॉइडचा स्वभाव उलटा आहे: तापमान कमी तसा मज्जातंतूवर त्याचा परिणाम जास्त. आपलं शरीर ३७ अंशांवर, तर अळीचं तापमान हवेबरोबर खाली उतरणारं. तिसरं, आपलं यकृत हे रेणू झपाट्यानं तोडतं. अळीकडेही तोडणारी विकरं असतात, पण तिचा जीव केवढा आणि रेणूला मज्जातंतूपर्यंतचं अंतर किती! मांजर मात्र या हिशेबात बसत नाही. यकृतातली एक महत्त्वाची प्रक्रिया तिच्याकडे फार दुबळी असते, म्हणून कुत्र्याच्या गोचिडांसाठी असलेलं पर्मेथ्रिन मांजरीला लावलं तर ती झटके येऊन मरू शकते. मासे तर याला फारच नाजूक. पंप ओढ्यात खळबळून धुऊ नये ते एवढ्यासाठी.

जाता जाता ‘नैसर्गिक ते निर्धोक’वाल्यांसाठी. या गटाचा मूळपुरुष वनस्पतीच आहे. शेवंतीच्या नात्यातल्या एका पांढऱ्या फुलात पायरेथ्रिन असतं आणि ते हेच दार अडवतं. उन्हात ते लवकर मोडून जातं म्हणून शेतात त्याचा फारसा उपयोग नव्हता. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात मायकेल इलियट यांच्या गटानं त्याची नक्कल करून उन्हात टिकणारं पर्मेथ्रिन १९७३ मध्ये जगापुढं ठेवलं. रेणू फुलातून आला की कारखान्यातून, दाराला काही फरक पडत नाही. आणि हेच पर्मेथ्रिन आज ५ टक्के मलमाच्या रूपात खरजेवरचं पहिल्या पसंतीचं औषध आहे. रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सकाळी धुऊन टाकायचं. खरजेचा किडा मरतो आणि कातडीतून आत गेलेला थोडासा अंश शरीर मोडून टाकतं. दोन महिन्यांच्या पुढच्या बाळालाही ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं लावतात.

आता विंचवाकडे वळू. पऱ्हाटीचे ढीग, दगडी गडगे, शेणकूट रचलेली पडवी, अशा सगळ्या ठिकाणी आपल्याकडे विंचू निघतो. लोक घाबरतात काळ्या, मोठ्या इंगळीला. घातक असतो तो त्याहून लहान, पिवळट-लाल विंचू. त्याच्या विषातली काही प्रथिनं याच सोडियमच्या दारावर काम करतात, फक्त बाजू वेगळी. पायरेथ्रॉइड पडद्याच्या स्निग्धातून शिरतं, विंचवाचं विष बाहेरून चिकटतं आणि आतली झडप बसू देत नाही. स्वायत्त मज्जासंस्थेची, म्हणजे हृदय-रक्तवाहिन्या आपोआप चालवणाऱ्या मज्जातंतूंची, टोकं बेलगाम होतात, ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन या रसायनांचा पूर येतो. उलट्या, अंगभर घाम, हातपाय गार, पुरुषांत जननेंद्रियाची ताठरता. मग रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. माणूस दगावतो तो याच टप्प्यावर.

याचं कोडं उलगडणारा माणूस आपल्याच मातीतला. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या त्या भागात विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यादेखत जात होते. विषाचा थेट उतारा तेव्हा हाताशी नव्हता. बावस्करांनी रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवल्या आणि वर सांगितलेली सुरुवातीची लक्षणं धोक्याची सूचना आहेत हे १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पुढचा विचार मला फार देखणा वाटतो. दार बंद करता येत नाही, ठीक. पण पूर आलेलं नॉरॲड्रिनॅलिन रक्तवाहिन्यांवरच्या ज्या अल्फा ग्राहकांना (रिसेप्टर) जाऊन चिकटतं, ते ग्राहक तर अडवता येतात! त्यासाठीची गोळी, प्राझोसिन, रक्तदाबावर वापरात होतीच, आणि स्वस्तही होती. विषाला हात न लावता विषाच्या परिणामाची साखळी मधेच तोडायची. पूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांत शंभरातले तीसहून अधिक दगावत, प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण हाताच्या बोटांवर आलं. नंतर प्रतिविषही तयार झालं. बावस्कर दांपत्याची ७० रुग्णांवरची चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आली: दहा तासांत पूर्ण बरे झालेले, प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेल्यांत ९१.४ टक्के, नुसत्या प्राझोसिनवर २२.९ टक्के. २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री जाहीर झाली.

तरीही गावोगाव विंचू ‘उतरवणारे’ आहेत आणि त्यांचा धंदा बरा चालतो, कारण साधं आहे. बहुतेक दंशांत वेदनेपलीकडे काही होत नाही, आणि वेदना काही तासांत आपोआप उतरते. मंत्र म्हणा, नाहीतर पाढे म्हणा. ज्याला खरंच विष चढलंय त्याचे प्राझोसिनचे मोलाचे तास मात्र तिथं ओट्यावर जातात. घाम सुटलाय, उलटी झालीय आणि हातपाय गार पडलेत, एवढं दिसलं की गाडी काढावी.

फवारणीच्या विषबाधेत दवाखान्यातला घोटाळा वेगळाच असतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस गटातली औषधं सोडियमच्या दाराशी खेळत नाहीत. ती ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. त्यानं मोडायचं ते ॲसिटिलकोलिन, म्हणजे मज्जातंतूचा निरोप पुढं पोचवणारं रसायन, साचतं, लाळ गळते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, छाती घरघरते. इथं ॲट्रोपिन जीव वाचवतं आणि ते भरपूर द्यावं लागतं. पायरेथ्रॉइडमध्येही लाळ सुटते, उलट्या होतात, झटके येऊ शकतात. वरवर पाहता तेच चित्र. पण त्यात कोलिनेस्टरेज शाबूत असतं, ॲट्रोपिननं मूळ बिघाड हलत नाही, आणि जास्त झालं तर ॲट्रोपिनचीच बाधा होते: ताप, बडबड, धावणारी नाडी. पायरेथ्रॉइडला ठरावीक उतारा नाही. झटके थांबवायचे, श्वास सांभाळायचा, शरीराला रेणू मोडू द्यायचा. चीनमधल्या ५७३ रुग्णांच्या नोंदी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांतले बहुसंख्य बरे झाले होते.

गुंता वाढवतात ती जोड-औषधं. प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के ही एकाच बाटलीतली जोडी आपल्याकडे सर्रास विकली जाते. ही जोडी जमवण्यामागं रसायनशास्त्र आहे. पायरेथ्रॉइड मोडणाऱ्या विकरांपैकी कार्बॉक्सिलएस्टरेज नावाचं विकर प्रोफेनोफॉसमुळं बंद पडतं, म्हणून अळीच्या अंगात सायपरमेथ्रिन जास्त टिकतं. माणसातही ती विकरं आहेतच. अशा रुग्णाला ॲट्रोपिन लागतंच, झटक्यांकडेही लक्ष ठेवावं लागतं.

आणि इंडोक्साकार्ब? तुरीवर, हरभऱ्यावर घाटेअळीसाठी मारतात ते. हे दार उघडं ठेवण्याऐवजी बंदच करून टाकतं. गंमत अशी की बाटलीतला रेणू अर्धवट असतो, अळीची स्वतःची विकरं त्याचं जहाल रूप तयार करतात. माणसाच्या पोटात गेलं तर त्रास मज्जातंतूंपेक्षा रक्ताला होतो: हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहून न नेणारं रूप, बनतं, रक्त चॉकलेटी दिसतं, ओठ निळसर होतात, आणि मेथेमोग्लोबिन फार चढलं की बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकून बसतो, ऑक्सिजन कितीही द्या. त्यावर मिथिलीन ब्लू चालतं, ॲट्रोपिन नाही.

तीन बाटल्या, तीन उपचार. पण तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दीडला पेशंट आणणारे नातेवाईक सांगतात, ‘फवारायचं औषध होतं.’ बाटली घरीच, किंवा धुऱ्यावर. तिच्या लेबलावर घटकाचं नाव असतं, लाल-पिवळा-निळा-हिरवा यांपैकी विषारीपणाचा त्रिकोण असतो (लाल सगळ्यात जहाल), सोबतच्या घडीच्या कागदावर उताराही छापलेला असतो. रिकामी, चिखलानं माखलेली का होईना, बाटली पिशवीत टाकून आणावी. निदान लेबलाचा फोटो तरी.

एवढं सगळं चांगलं चालणारं औषध कायम चालत नाही, हेही दारानंच दाखवून दिलं. १९८७ च्या हंगामात आंध्रच्या किनारी कापूस पट्ट्यात पायरेथ्रॉइडच्या फवारण्यांवर फवारण्या होऊनही घाटेअळी मरेना. अळीनं दोन वाटा शोधल्या होत्या. एक, रेणू मोडणारी विकरं वाढवणं. दुसरी, दारावरच परिणाम होऊ न देणं. ही दुसरी वाट घरमाशीत फार बारकाईनं अभ्यासली गेली: दाराच्या प्रथिनात १०१४ क्रमांकावर ल्युसिनच्या जागी फिनाइलॲलनिन येतं. दोन हजारांहून अधिक अमिनो आम्लांच्या साखळीतलं एक बदललं, आणि रेणू खाचेत नीट बसेनासा झाला. माशी मजेत. प्रत्येक हंगामात एकाच गटाचं औषध ‘जरा जास्त डोस’ करून मारत राहिलं की असे बदललेले कीटक तेवढे उरतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. डोस वाढवून दार पूर्वीसारखं होत नाही.

हाच बदल मलेरियाच्या डासांतही सापडला आहे, भारतातल्या ॲनोफिलिस क्युलिसिफेसीजमध्येसुद्धा. मलेरियाविरोधी मच्छरदाण्या पायरेथ्रॉइडमध्ये भिजवलेल्या असतात, त्यामुळे हा कृषी खात्याइतकाच आरोग्य खात्याचाही प्रश्न. पश्चिम आफ्रिकेत कपाशीच्या पट्ट्यातल्या डासांत हा बदल जास्त आढळला, तेव्हा शेतातल्या फवारणीकडे बोट गेलं. डासाच्या एका पायातून डीएनए काढून पीसीआरवर ही जागा तपासता येते, आणि मच्छरदाण्या वाटण्याआधी कोणत्या भागात कोणती चालेल हे ठरवताना आता असल्या तपासण्यांचे निकाल पाहिले जातात.